निरीश्वर मानवतावादाची वंशावळ : ख्रिस्ती मीमांसेचे एक परीक्षण

ईश्वराला बाजूला सारूनही माणसाची प्रतिष्ठा टिकविता येईल काय, हा प्रश्न युरोपच्या विचारजीवनात एकोणिसाव्या शतकापासून वारंवार उपस्थित झाला आहे. इहवादी मानवतावादी त्याचे उत्तर होकारार्थी देतो. मनुष्याचे मोल तो मनुष्य आहे म्हणूनच आहे. त्यासाठी परलोकातील कोणाच्या साक्षीची गरज नाही, असे तो मानतो. ख्रिस्ती टीकाकार ह्या उत्तराला दोन बाजूंनी हरकत घेतो. पहिली हरकत तात्त्विक आहे : निर्मात्यावाचून निर्मितीला मोल कोठून येणार? दुसरी ऐतिहासिक आहे : मनुष्यमात्राच्या मोलाची ही कल्पनाच मुळात ख्रिस्ती श्रद्धेच्या घरात वाढली, मानवतावाद्याने ती तेथून उचलली आणि घरधन्याचे नाव मात्र पुसून टाकले. ह्या दुसऱ्या हरकतीला वंशावळीचा युक्तिवाद म्हणता येईल. पहिल्या हरकतीला जे बळ आल्यासारखे वाटते ते पुष्कळदा ह्या दुसरीकडून उसने आणलेले असते. म्हणून वंशावळ खरी किती, आणि ती खरी ठरली तरी तिच्यावरून काय सिद्ध होते, हे दोन प्रश्न वेगळे काढून तपासणे अगत्याचे आहे.

ह्या युक्तिवादाचे सर्वांत समर्थ रूप फ्रेंच जेसुइट पंडित आंरी द ल्युबाक (१८९६–१९९१) यांच्या, निरीश्वर मानवतावादाच्या नाट्यावरील ग्रंथात आढळते. हा ग्रंथ १९४४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे काही भाग जर्मन अंमलाच्या काळात लेखरूपाने आधीच छापले गेले होते, आणि ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून त्याचा स्वर नीट कळत नाही. द ल्युबाक पहिल्या महायुद्धातून डोक्याला जखम घेऊन परतले होते. दुसऱ्या महायुद्धात ज्यूद्वेषाचा निषेध करणाऱ्या ज्या ख्रिस्ती पत्रिका गुप्तपणे निघत, त्यांच्या कामात त्यांचा हात होता. १९४३ मध्ये त्यांना गेस्टापोपासून लपावे लागले. त्यांचे संघबंधू ईव्ह द मोंशय यांना जर्मनांनी ऑगस्ट १९४४ मध्ये ग्रनोब्ल येथे ठार केले. माणसाची विटंबना हा ह्या ग्रंथकाराला केवळ पाठ्यग्रंथातील विषय नव्हता, आणि देवाला वगळून रचलेले जग शेवटी माणसावरच उलटते हा त्यांचा निष्कर्ष त्या वेळच्या वाचकाला सिद्धांतापेक्षा वर्तमानपत्रातील वार्तेसारखा वाटला असल्यास नवल नाही.

ग्रंथाचा प्रारंभ मात्र शत्रूवरील आरोपाने होत नाही. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडविले, ही शिकवण प्राचीन जगात मुक्तीची वार्ता म्हणून ऐकली गेली, हे द ल्युबाक प्रथम दाखवितात. ग्रहताऱ्यांच्या आणि दैवाच्या जोखडाखाली वाकलेल्या माणसाला तिने ताठ उभे केले. तीच शिकवण पुढे काही शतकांनी त्याच माणसाच्या वंशजाला जोखडासारखी का वाटू लागली, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. ग्रंथाचे मोठेपण ह्या प्रश्नाच्या मांडणीत आहे. नास्तिक हा मूढ किंवा दुराचारी, ही मठातून चालत आलेली समजूत ते सोडून देतात. आधुनिक निरीश्वरवाद हा देव सापडत नाही म्हणून खंतावणारा संशयवाद नाही. माणसासाठी देव नसलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. त्यात एक नैतिक आवेश आहे, आणि त्या आवेशाची दखल घेतल्यावाचून त्याला उत्तर देता येणार नाही, हे द ल्युबाक जाणतात.

ह्या आवेशाचे मूळ ते लुडविग फॉयरबाखमध्ये शोधतात. फॉयरबाख प्रथम हायडेलबर्ग येथे धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, मग बर्लिनला हेगेलचा शिष्य झाला. १८४१ साली त्याने ख्रिस्ती धर्माच्या स्वरूपावर जो ग्रंथ लिहिला त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : माणूस आपल्यातील ज्ञान, प्रेम आणि न्याय हे उत्तम गुण आपल्यापासून वेगळे काढून आकाशात नेऊन ठेवतो आणि मग त्यांच्यापुढे स्वतःच रंक होऊन गुडघे टेकतो. तेव्हा देवाला नाकारणे म्हणजे काही गमावणे नव्हे; आपलाच ठेवा परत मिळविणे होय. एंगल्सने उतारवयात लिहिताना ह्या ग्रंथाने आपल्या पिढीला कसे भारून टाकले होते ते नमूद केले आहे. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फॉयरबाखने ज्या गुणांना माणसाचा ठेवा म्हटले ती यादी ख्रिस्ती देवाच्या गुणांची यादी आहे. ऑलिंपसवरील देवांचे गुण माणसाला परत करा, असे तो म्हणत नाही. वंशावळीच्या युक्तिवादाला जर कोठे भक्कम आधार असेल तर तो येथे आहे.

ओग्यूस्त कोंतवरील प्रकरण ग्रंथातील सर्वांत रोचक आहे, आणि थोडेसे निर्दयही. मोंपेल्येच्या कॅथलिक घरात जन्मलेल्या ह्या तत्त्ववेत्त्याने देवाच्या जागी 'मानवता' बसविली. पण ती बसविताना देवळातील इतर सामान जागचे हलविले नाही. त्याने प्रश्नोत्तरी लिहिली, संस्कार ठरविले, पुरोहितवर्ग कल्पिला. १८४९ च्या त्याच्या पंचांगात अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने आहेत आणि ते मोझेस, होमर, अॅरिस्टॉटल, संत पॉल, दान्ते, शेक्सपीअर, देकार्त अशा थोरांच्या नावे आहेत. त्यात येशूला स्थान नाही. ख्रिस्ती धर्माच्या संस्थापकाचा मान कोंत पॉलला देतो. आयुष्याच्या अखेरीस त्याने आपला एक शिष्य रोमला पाठवून जेसुइट संघाशी सहकार्याची बोलणी करण्याचाही प्रयत्न केला. ह्याच संघातील पंडिताने जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर द्यावे हा योगायोग लक्षणीय आहे. द ल्युबाकांचा मुद्दा असा की, मानवतेची पूजा सुरू झाली की प्रत्यक्षातला एकेक माणूस त्या महापुरुषाचा अवयव ठरतो आणि त्याची स्वतंत्र दाद लागत नाही. हा मुद्दा कोंतपुरता खरा आहे. मानवतावादाच्या सर्व शाखांना तो सारखा लागू पडतो काय, ह्याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही. त्यानंतर येणाऱ्या दोस्तोएव्स्कीवरील भागात युक्तिवादाची जागा कादंबरीतील पात्रे घेतात, आणि तो भाग कितीही हृद्य असला तरी इतिहासाच्या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही.

आता वंशावळीकडे वळावयाचे. प्रथम शब्दाविषयी. 'ह्युमॅनिझम' हा शब्द प्रबोधनकालीन नाही. तो १८०८ साली निटहामर ह्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने, ग्रीक व लॅटिन वाङ्मयावर आधारलेल्या शिक्षणाच्या समर्थनार्थ रूढ केला. प्रबोधनकाळात इटलीमध्ये 'उमानिस्ता' असत. त्याचा अर्थ व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास व नीतिशास्त्र शिकविणारा पंतोजी, एवढाच होता. पॉल ऑस्कर क्रिस्टेलर ह्यांच्या संशोधनाने ही गोष्ट पक्की केली आहे. तेव्हा पेत्रार्कपासून निरीश्वर मानवतावादाची सरळ रेघ ओढणारे, मग ते त्या वादाचे भक्त असोत वा निंदक, एका शब्दाच्या दोन अर्थांत गोंधळ करतात. स्वतः पेत्रार्क १३३६ ही तारीख घातलेल्या पत्रात व्हांतू पर्वतावर चढल्याचे वर्णन करतो तेव्हा शिखरावर त्याच्या हाती ऑगस्टीनचे आत्मनिवेदन असते आणि ते वाचून तो सृष्टिशोभेकडे पाहत राहिल्याबद्दल स्वतःला दोष देतो.

पीको देल्ला मिरांदोलाची गोष्ट अधिक बोधक आहे. १४८६ साली लिहिलेले त्याचे भाषण 'मानवाच्या प्रतिष्ठेविषयी' ह्या नावाने ओळखले जाते आणि आधुनिक मानवतावादाचा जाहीरनामा म्हणून सर्वत्र उद्धृत होते. प्रत्यक्षात ते भाषण कधी झालेच नाही. त्याचे 'प्रतिष्ठा' हे नाव पीकोने दिलेले नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर जोडले गेले. आणि त्यात माणसाला जे स्वातंत्र्य दिलेले आहे ते देवदूतांच्या पंक्तीला चढून जाण्यासाठी आहे, ह्या जगात घर बांधण्यासाठी नव्हे. त्याच्या ९०० प्रमेयांपैकी १३ पोपच्या मंडळाने आक्षेपार्ह ठरविली हे खरे. पण हाच पीको पुढे साव्होनारोलाच्या प्रभावाखाली गेला आणि १४९४ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारल्यावर फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात पुरला गेला. १५१६ साली ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसविषयी तर वेगळे सांगावयास नको.

प्रबोधनकाल ख्रिस्ती होता असे म्हटले की फाटा कोठे फुटला हा प्रश्न उरतो. आणि येथे ख्रिस्ती मीमांसकांत जी पांगापांग होते ती पाहण्याजोगी आहे. जाक मारितें (१८८२–१९७३) यांनी १९३४ साली स्पेनमधील सांतांदेर येथे दिलेली व्याख्याने १९३६ मध्ये 'समग्र मानवतावाद' अशा अर्थाच्या नावाने फ्रेंचमध्ये ग्रंथरूप झाली. त्यांत ईश्वरकेंद्री आणि मनुष्यकेंद्री असे मानवतावादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. टॉमस अक्वायनसच्या मध्ययुगात माणूस ईश्वराच्या संदर्भात समजला जात होता. प्रबोधन आणि धर्मसुधारणा ह्यांनी तो संदर्भ तोडला. १९२५ च्या आपल्या दुसऱ्या एका पुस्तकात मारितें यांनी आधुनिक जगाच्या बिघाडाचे जे तीन प्रवर्तक सांगितले त्यांत देकार्त आणि रूसो यांच्या आधी ल्यूथरचे नाव आहे. मारितें प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढून १९०६ साली कॅथलिक झाले होते, हे येथे आठवावे.

ह्याच्या शेजारी फ्रान्सिस शेफर (१९१२–१९८४) ह्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे १९६८ चे छोटेखानी पुस्तक ठेवावे. स्वित्झर्लंडमध्ये राहून तरुणांशी वाद-संवाद करणाऱ्या ह्या गृहस्थांचा इव्हँजेलिकल पंथावर फार मोठा परिणाम झाला. 'इहवादी मानवतावाद' हा शब्दप्रयोग अमेरिकन धर्मकारणात शत्रूचे नाव म्हणून रूढ होण्यात त्यांचा मोठा हात आहे. शेफर यांच्या मते बिघाड ल्यूथरपासून सुरू होत नाही. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी तर तो दुरुस्त केला. बिघाड सुरू झाला तो टॉमस अक्वायनसपासून. पापाने माणसाची इच्छाशक्ती भ्रष्ट झाली, बुद्धी मात्र झाली नाही, असे अक्वायनसने मानले, आणि त्या फटीतून स्वायत्त बुद्धी बाहेर पडून अखेर कृपेलाच खाऊन बसली, अशी त्यांची मांडणी आहे. अक्वायनसचे हे वाचन सदोष आहे, असे त्या विषयाच्या जाणकारांनी पुष्कळदा दाखविले आहे. तो वाद येथे बाजूस ठेवला तरी चालेल. ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, एका पंथाचा वैद्य ज्याला औषध म्हणतो त्यालाच दुसऱ्या पंथाचा वैद्य रोगाचे बीज म्हणतो. प्रत्येकाला मुळी सापडते ती शेजाऱ्याच्या परसात. अशा वंशावळीवर इतिहास म्हणून कितपत भरवसा ठेवावा? सोळाव्या शतकातील घरगुती भांडण विसाव्या शतकातील तिऱ्हाइताच्या खाती मांडले जात आहे, असा संशय वाचकाच्या मनात आल्यास त्याला दोष देता येणार नाही.

संघटित इहवादाचा उगम ह्या भव्य आराखड्यांपेक्षा पुष्कळ साधा आहे. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द १८५१ साली जॉर्ज जेकब होलिओक ह्या इंग्रज चळवळ्याने योजला. त्यापूर्वी १८४२ मध्ये एका व्याख्यानातील प्रश्नाला दिलेल्या उत्तरापायी ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला होता आणि तो तुरुंगात असतानाच त्याची लहान मुलगी वारली. होलिओकच्या इहवादाला मेटाफिजिक्सपेक्षा त्या तुरुंगाने अधिक आकार दिला. उलट १९३३ च्या अमेरिकन मानवतावादी जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ३४ जणांत युनिटेरियन पाद्री बरेच होते, आणि त्या जाहीरनाम्याने आपल्या मताला 'धार्मिक मानवतावाद' असेच म्हटले होते. एकाच चळवळीच्या एका टोकाला चर्चने कोंडलेला माणूस आहे आणि दुसऱ्या टोकाला चर्चच्या व्यासपीठावरून हळूच उतरलेला. ह्या दोघांची मुळे एकच मानणे कठीण आहे.

वंशावळीच्या युक्तिवादाची खरी परीक्षा नीत्शे किंवा कोंत यांच्यापाशी होत नाही. ज्यांनी श्रद्धा सोडली पण कर्तव्य सोडले नाही, अशा सौम्य माणसांपाशी ती होते. आणि द ल्युबाकांच्या ग्रंथात नेमकी हीच माणसे नाहीत. जॉर्ज एलिअट हे त्यांचे उत्तम उदाहरण. कडव्या इव्हँजेलिकल श्रद्धेत वाढलेल्या ह्या लेखिकेने १८४२ साली चर्चला जाणे नाकारून वडिलांचा रोष पत्करला, १८४६ मध्ये स्ट्राउसचे येशूचरित्र आणि १८५४ मध्ये फॉयरबाखचा तोच ग्रंथ इंग्रजीत आणला. मॅरिअन एव्हान्स हे तिचे खरे नाव फक्त ह्या फॉयरबाखच्या भाषांतरावर छापलेले आहे. तिच्या कादंबऱ्यांतील नीती ख्रिस्ती वाचकाला परकी वाटत नाही. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव, लहानशा वचनाचेही पालन, कोणी न पाहता केलेला त्याग, हे सर्व तेथे आहे. फक्त देव नाही.

ह्या लेखिकेवर सर्वांत कठोर प्रहार कोणी केला? १८८८ मध्ये लिहून पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नीत्शेने तिचे नाव घेऊन इंग्रजांची थट्टा केली आहे. ख्रिस्ती देव टाकला की ख्रिस्ती नीतीचा हक्कही जातो. ही एकसंध व्यवस्था आहे, तिचा पाया काढून मजले ठेवता येत नाहीत, असे ल्यूथरपंथी पाद्र्याच्या ह्या मुलाचे म्हणणे. ख्रिस्ती टीकाकार हा उतारा मोठ्या समाधानाने पुढे करतात. परंतु त्यांचे येथे काय होते हे त्यांनी पाहिलेले दिसत नाही. आपल्या पक्षाचा मुख्य साक्षीदार म्हणून ते ज्याला उभा करतात तो त्यांच्या श्रद्धेला गुलामांची नीती म्हणणारा आहे. त्याची साक्ष अर्धी घ्यावयाची आणि अर्धी टाकावयाची ह्याला न्यायालयात मान्यता नसते. शिवाय नीत्शेला ख्रिस्ती नीती टिकावी अशी इच्छाच नव्हती; ती एकसंध आहे असे म्हणण्यात त्याचा स्वार्थ होता. जॉर्ज एलिअटचे आयुष्य हे त्या विधानाला प्रत्यक्ष प्रतिउदाहरण आहे, आणि एकाही पिढीत असे आयुष्य शक्य झाले तर 'अशक्य' हा शब्द मागे घ्यावा लागतो. ह्यावर ख्रिस्ती उत्तर असे की, ती जुन्या पुंजीवर जगत होती. तिसऱ्या-चौथ्या पिढीत पुंजी संपेल. हे उत्तर विचारार्ह आहे, परंतु ते भाकीत आहे. त्याला इतिहास म्हणता येत नाही.

पुंजी, ऋण, वारसा, चोरी ह्या सर्व उपमा मालमत्तेच्या आहेत, आणि त्या योगायोगाने आलेल्या नाहीत. जर्मन प्रदेशात 'सेक्युलरायझेशन' ह्या शब्दाचा एक व्यावहारिक अर्थ चर्चच्या मालमत्तेची जप्ती असा होता; १८०३ साली तेथील बिशपांच्या अमलाखालील संस्थाने आणि मठांच्या जमिनी राजेरजवाड्यांनी वाटून घेतल्या. हान्स ब्लूमेनबर्गने आधुनिक युगाच्या वैधतेवरील १९६६ च्या आपल्या ग्रंथात नेमके ह्यावर बोट ठेवले. विचारांच्या इतिहासाला ही उपमा लावली की आधुनिक विचार हा जन्मतःच अपहारकर्ता ठरतो आणि खुलासा करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ब्लूमेनबर्गचा रोख कार्ल ल्योविट यांच्यावर होता. प्रगतीची आधुनिक कल्पना ही ख्रिस्ती मोक्षेतिहासाचे ऐहिक रूपांतर आहे, असे ल्योविट यांनी १९४९ मध्ये मांडले होते. (ल्योविट स्वतः ख्रिस्ती समर्थक नव्हते, आणि त्यांच्या विधानाचा तसा उपयोग करणाऱ्यांनी हे क्वचितच सांगितले आहे.) ब्लूमेनबर्गचे उत्तर असे की, आधुनिकांनी जुने उत्तर चोरले नाही, जुने प्रश्न मागे उरले होते आणि नव्या माणसांना त्या रिकाम्या जागी काही तरी ठेवावे लागले.

ह्या वादात ख्रिस्ती परंपरेतीलच एक पुरावा फारसा पुढे आणला जात नाही. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोझ याने पाद्र्यांसाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याचे नाव आणि आराखडा दोन्ही रोमन वक्ता सिसरो याच्याकडून घेतले. त्याचा शिष्य ऑगस्टीन याने तर ह्या उचलण्याला शास्त्राधार दिला. मिसर देशातून निघताना इस्राएली लोकांनी मिसऱ्यांचे सोने-रुपे बरोबर नेले, त्याप्रमाणे मूर्तिपूजकांच्या ग्रंथांतील सत्य ख्रिस्ती माणसाने निःशंक घ्यावे. ते सत्य असल्यामुळे मुळात देवाचेच आहे. हा नियम वाजवी आहे. मग तो एकाच दिशेने का चालावा? सत्य जर सापडणाऱ्याचे नसून स्वतःच्याच बळावर उभे असेल, तर फॉयरबाखने चर्चमधून नेलेले सोनेही खरे की खोटे एवढेच तपासावे लागेल. ते कोणाच्या पेटीतून आले ह्यावरून त्याचा कस ठरणार नाही.

ख्रिस्ती पक्षाला न्याय देण्यासाठी त्या पेटीत सोने होतेच, हेही सांगितले पाहिजे. निस्साचा ग्रेगरी चौथ्या शतकातील एका प्रवचनात, देवाच्या प्रतिरूपाची किंमत कोण करणार, अशा आशयाचा सवाल करून गुलामांच्या मालकीवरच हल्ला चढवितो. प्राचीन वाङ्मयात इतका थेट निषेध दुर्मीळ आहे. १५५०–५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयी जो वाद झाला त्यात अॅरिस्टॉटलच्या आधारे त्यांना स्वभावतः दास ठरविणारा सेपूल्व्हेदा हा विद्वान मानवतावादी होता, त्याने अॅरिस्टॉटलचे 'राज्यशास्त्र' लॅटिनमध्ये आणले होते. आणि त्यांच्या बाजूने उभा राहिलेला लास कासास डोमिनिकन भिक्षू होता. प्रबोधनाला उजेड आणि मठाला अंधार म्हणणाऱ्या इहवादी इतिहासकाराला हे प्रकरण अडचणीचे जाते. तथापि सेपूल्व्हेदाही ख्रिस्ती धर्मगुरूच होता, आणि मुसलमान व मूर्तिपूजक यांना कायमचे दास करण्याची मुभा पोर्तुगालच्या राजाला १४५२ मध्ये पोपच्याच आज्ञापत्राने मिळाली होती, ही उलट बाजूही त्याच पानावर लिहावी लागते.

मालकी सांगणाऱ्याने ती वस्तू पूर्वी आपली म्हणून ओळखली होती काय, हेही विचारावे लागते. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यातील विचारस्वातंत्र्याचा सहाव्या पायसने १७९१ मध्ये निषेध केला. १८६४ च्या प्रमादसूचीतील ८० विधानांत शेवटचे विधान असे की, पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी जुळवून घ्यावे. हे विधान प्रमाद म्हणून नोंदले आहे. धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेत रुजलेला हक्क आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मान्य केले. मधल्या शतकात ह्या हक्कासाठी ज्यांनी झीज सोसली त्यांत होलिओकसारखे नास्तिक होते. मूल आपलेच आहे असे आज म्हणणाऱ्या पित्याने ते दारात आले असता काय केले होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो टाळून वंशावळ पुरी होत नाही.

युरोपाबाहेर ही वंशावळ आणखी गुंतागुंतीची होते. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेन याचे 'मानवी हक्क' वाचले. तोच पेन बायबलवर कडाडून टीका करणारा 'बुद्धियुग' हा ग्रंथ लिहून ख्रिस्ती जगाचा रोष ओढवून बसला होता. मिशन आणि मिशनचा वैरी हे दोघेही मराठी मनापर्यंत एकाच इंग्रजी विद्येच्या वाटेने आले. जोतीरावांनी दोघांकडूनही घेतले आणि निर्मिकाची कल्पना मांडून दोघांच्याही पंक्तीला बसण्याचे नाकारले. आगरकर ह्यांच्यापुढे तर मिल आणि स्पेन्सर होते. त्यांची इहलोकनिष्ठ कर्तव्यबुद्धी कोणत्या ख्रिस्ती पुंजीवर जगत होती? मिलच्या, असे उत्तर मिळेल. पण मिल धर्मश्रद्धेवाचूनच वाढला होता. मग त्याचे वडील जेम्स मिल यांच्याकडे जावे लागते. त्यांना स्कॉटलंडच्या चर्चने प्रवचनाचा परवाना दिला होता. अशा रीतीने नेहमीच एक पिढी मागे जाता येते, आणि जो युक्तिवाद कधीही खोटा ठरू शकत नाही त्याच्या खरेपणाविषयी शंका घ्यावी लागते. ही खोड ख्रिस्ती लेखकांपुरती नाही. मानवेंद्रनाथ रॉय आपल्या नवमानवतावादाच्या मांडणीत ग्रीकांपासून प्रबोधनापर्यंत आणि भारतीय जडवादापर्यंत पूर्वज शोधतात ते अशाच विश्वासाने की, जुने कुळ सापडले की मताला वजन येते.

एवढे झाल्यावर ख्रिस्ती मीमांसेत उरते काय? वंशावळ बाजूला ठेवली तरी तिने ज्याला झाकले होते तो तात्त्विक प्रश्न उरतो, आणि तो मोठा आहे. दुर्बळ, मतिमंद, मरणोन्मुख माणसाचे मोल सशक्ताइतकेच का मानावे? उपयोगितेवरून हे मोल निघत नाही, बुद्धिमत्तेवरून तर नाहीच. सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे असे सांगितले. पण माणसाला पूर्वनिश्चित स्वरूपच नाही असे त्याच व्याख्यानात म्हटल्यावर सर्वांना समान मोल का द्यावे, ह्याचे त्याने दिलेले उत्तर कांटकडून आणलेले वाटते. १९४७ साली युनेस्कोच्या मेक्सिको येथील अधिवेशनात मारितें यांनी हीच अडचण वेगळ्या अंगाने मांडली : परस्परविरोधी मतांची माणसे हक्कांच्या यादीवर एकमत होतात, मात्र कारणे विचारली की ते एकमत मोडते. पुढच्या वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात प्रतिष्ठेचा शब्द आला, तिचा आधार सांगणारे वाक्य आले नाही. इहवादी मानवतावाद्याने ही उणीव आहे असे निदान स्वतःशी मान्य करावयास हवे. 'मोल आहे, कारण ते आहे' हे उत्तर रोजच्या व्यवहाराला पुरते. छळछावणीच्या दारात ते पुरले नाही. तेथे दुसरे उत्तरही सर्वत्र पुरले असे नाही, कारण पहारेकऱ्यांतही बाप्तिस्मा झालेले लोक होते.

द ल्युबाकांना ही शेवटची गोष्ट ठाऊक होती. त्यांचा ग्रंथ समकालीन ख्रिस्ती समर्थकांच्या लिखाणापेक्षा वेगळा वाटतो तो ह्यामुळे. माणसाला देव जाचक वाटू लागला ह्याचे एक कारण असे की, त्याला दाखविला गेलेला देव खुजा व कोरडा होता, आणि तो तसा दाखविणारे श्रद्धावंतच होते, हे ते सुचवितात. पण सुचवून पुढे जातात. निर्मात्याविरुद्धचे बंड आणि निर्मात्याच्या नावे झालेल्या जुलमाविरुद्धचे बंड ह्यांतील भेद त्यांनी शेवटपर्यंत नेला असता तर ग्रंथाचे दुसरे प्रकरण होलिओकवर असते. १९५० मध्ये त्यांनाच अध्यापनातून दूर करण्यात आले आणि त्यांची काही पुस्तके संघाच्या ग्रंथालयांतून काढली गेली. १९८३ मध्ये ते कार्डिनल झाले. ह्या दोन घटनांच्या मधल्या काळात ते व्हॅटिकन परिषदेचे तज्ज्ञ सल्लागार होते. त्या परिषदेने आधुनिक जगाविषयी जे निवेदन काढले त्याच्या १९ व्या कलमात निरीश्वरवादाच्या उत्पत्तीत श्रद्धावंतांचाही थोडाथोडका नसलेला वाटा असू शकतो, अशी कबुली आहे. त्याच निवेदनाच्या ३६ व्या कलमात निर्मात्यावाचून निर्मिती लोप पावते, हे जुने विधान जसेच्या तसे आहे. दोहोंचा परस्परसंबंध तेथे उलगडून दाखविलेला नाही.